तुम्ही विचारलंत म्हणून : किर्क-स्पॉकच्या गोष्टींवर आधी कोण चिडलं?

जुन्या फॅन फिक्शनविषयी, म्हणजे आवडत्या मालिकेतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टींविषयी, बोलायला लागले की एक प्रश्न हमखास येतो. ‘‘स्टार ट्रेक’मधल्या किर्क आणि स्पॉकच्या प्रेमाच्या त्या पहिल्या गोष्टी बायकांनी लिहिल्या, तेव्हा त्यांच्यावर कोण तुटून पडलं? टीव्ही कंपनी? चर्च?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सगळ्यात आधी तुटून पडल्या त्या त्यांच्याच मैत्रिणी. त्याच मालिकेवर जीव टाकणाऱ्या, त्याच अंकांत लिहिणाऱ्या.

‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची मालिका अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर 1966 ते 1969 चालली. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर दिसली. कप्तान किर्क धाडसी, रसरशीत. त्याचा सहकारी स्पॉक अर्धा माणूस, अर्धा व्हल्कन या परग्रहावरच्या जमातीचा, भावनांना मुरड घालून जगणारा. केवळ या मालिकेला वाहिलेलं ‘स्पॉकानालिया’ हे पहिलं झीन, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेला अंक, 1967 मध्ये आलं. घरी टाइप करायचं, सायक्लोस्टाइल काढायचं, पोस्टानं पाठवायचं. या झीनमध्ये गोष्टी लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बहुतांश बायका होत्या. किर्क जखमी व्हायचा आणि स्पॉक रात्रभर त्याच्या उशाशी बसायचा, किंवा उलट. अशा गोष्टी भरपूर लिहिल्या जात. त्या बसण्यात काय काय दडलंय हे अनेकींना दिसत होतं. छापून मात्र कुणी म्हणत नव्हतं.

ते छापून आलं 1974 मध्ये. ऑस्ट्रेलियाच्या डायान मर्चंट यांची ‘अ फ्रॅगमेंट आउट ऑफ टाइम’ ही अगदी छोटी गोष्ट ‘ग्रप’ या प्रौढांसाठीच्या झीनच्या तिसऱ्या अंकात आली. तिच्यात प्रणय आहे, पण नाव कुणाचंच नाही, आणि वाक्यं अशी बेतलेली की एक पात्र स्त्री आहे की पुरुष हेही कळू नये. पुढच्या अंकात त्यांनी लेख लिहून विषय उघड केला. ती सावध भाषा मला फार बोलकी वाटते. वाचणाऱ्या आपल्याच आहेत हे माहीत असूनही त्यांना नावं गाळावी लागली.

मग 1976 मध्ये जेरी डाउन्स यांचं ‘आल्टर्नेटिव्ह’ आलं, सबंध झीनच या नात्यावर. 1978 मध्ये ‘थ्रस्ट’ हा अनेकींच्या कथांचा संग्रह. अशा गोष्टींना ‘के/एस’, म्हणजे किर्क/स्पॉक, म्हणत. मधल्या तिरक्या रेघेमुळे पुढे या सगळ्या लेखनालाच स्लॅश हे नाव पडलं.

भांडण पेटलं ते पत्रांतून. त्या काळी फक्त वाचकांची पत्रं छापणारे अंक निघत, 1977 पासूनचं ‘इंटरस्टॅट’ त्यांतलं गाजलेलं. आक्षेप बरेच होते. ही आमची पात्रंच नव्हेत. किर्कच्या आयुष्यात इतक्या स्त्रिया आल्या, त्यांचं काय? नटांना हे कळलं तर त्यांना काय वाटेल? आणि स्टुडिओ चिडला तर तुमच्याबरोबर आमचीही झीन बंद पडतील. काहींना विषयाचीच किळस होती आणि त्या तसं स्पष्ट लिहीत. एक आक्षेप मात्र मला आजही वजनदार वाटतो: दोन पुरुषांमधली गाढ मैत्री पडद्यावर इतकी दुर्मीळ, तिलाही तुम्ही शय्येपर्यंत का नेता? हे म्हणणाऱ्या सगळ्या काही कोत्या मनाच्या नव्हत्या. त्यांना त्या मालिकेत जे अमोल सापडलं होतं, ते हातचं जाईल असं वाटत होतं.

लिहिणाऱ्या बायकांनी उत्तर दिलं ते मालिकेतलेच पुरावे काढून, आणि मला त्यांचा अभिमान वाटतो तो इथे. 1967 च्या ‘अमोक टाइम’ या भागात व्हल्कनांचा एक नियम येतो: ठरावीक काळानं शरीर पेटतं, जोडीदार मिळाला नाही तर मृत्यू. मग निर्जन ग्रहावर दोघंच अडकले आणि स्पॉकची ती वेळ आली, तर किर्क मित्राला मरू देईल? कितीतरी सुरुवातीच्या गोष्टी या एका प्रश्नातून निघाल्या. कोण कुणाकडे किती वेळ बघतं, कुठल्या वाक्याआधी कोण थांबतं, यावर पानंच्या पानं वाद झाले. इतकं बारीक वाचन मी साहित्याच्या वर्गातही क्वचित पाहिलंय.

1979 मध्ये मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी पहिल्या चित्रपटावरून कादंबरी लिहिली. तिच्या एका तळटीपेत खुद्द किर्क आपण आणि स्पॉक प्रेमी असल्याच्या अफवेबद्दल बोलतो: मला सगळ्यात जास्त सुख स्त्रीकडूनच मिळालं, आणि सात वर्षांतून एकदाच पेटणारा जोडीदार निवडण्याइतका मी मूर्ख नाही. विरोधकांना तो नकार वाटला. पण त्याच तळटीपेत ‘थायला’ हा व्हल्कन शब्द होता, आणि त्याचे अर्थ दिले होते मित्र, भाऊ, प्रियकर. समर्थकांनी तो उचलून धरला. एका तळटीपेवर दोन्ही बाजू आपापला विजय सांगत राहिल्या.

हे सगळं कुठल्या काळात चाललं होतं ते ध्यानात ठेवायला हवं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती 1973 मध्ये. ‘थ्रस्ट’ आलं त्याच वर्षी कॅलिफोर्नियात समलैंगिकांना सरकारी शाळांत शिकवायला बंदी घालण्याचा प्रस्ताव मतदानाला आला होता. तो पडला, पण आला होता. त्यामुळे टोपणनावं आली. आपण सज्ञान आहोत असं सही करून कळवल्याशिवाय झीन मिळत नसे. संमेलनांत हे अंक बाकीच्यांसारखे मांडून न ठेवता टेबलाखालून दिले जात.

आणि तरी या गोष्टींतही एक भित्रेपणा होता, तो मला खटकतो. कितीतरी कथांत दोघं एकमेकांवर जीव ओवाळतात आणि वर सांगतात, आम्ही समलैंगिक नाही, आमचं फक्त एकमेकांवर प्रेम आहे. खऱ्या समलैंगिक माणसांना त्या कथेत दारच नव्हतं. हा दोष मी काळावर ढकलून सोडून देणार नाही. त्याच काळात याहून धीटपणे लिहिणारेही होते. लेखिका जोआना रस यांनी 1985 मध्ये स्लॅशवर निबंध लिहिला. त्या स्वतः लेस्बियन होत्या आणि या कथांच्या चाहत्याही. त्यांनी या लेखनाला बायकांनी बायकांसाठी प्रेमानं लिहिलेली पोर्नोग्राफी म्हटलं, आणि ती गंभीरपणे वाचली. बाहेरचं कुणीतरी इतक्या आपुलकीनं वाचतंय असं नव्हे, आतलीच एक जण न लाजता बोलत होती, म्हणून तो निबंध मला मोलाचा वाटतो.

‘मग समेट झाला का?’ हेही विचारता. झाला नाही. काही संपादकांनी के/एस छापणार नाही असं जाहीर केलं, काहींनी फक्त तेच छापलं, आणि वाचक वाटले गेले. ‘स्टार्स्की अँड हच’, ‘ब्लेक्स 7’ अशा मालिकांभोवती तेच वाद नव्यानं उठले. ब्रिटिश ‘द प्रोफेशनल्स’च्या चाहत्यांनी तर झीनची वाटच पाहिली नाही, टाइप केलेल्या गोष्टींच्या फोटोकॉपी एकीकडून दुसरीकडे पोस्टानं फिरत राहिल्या, मिळालेली प्रत आणखी काढायची आणि पुढे पाठवायची.