लांबी गुणिले रुंदी, पण जरा उशिरा

चौथी-पाचवीतल्या मुलाला क्षेत्रफळ म्हणजे काय विचारा, उत्तर येतं, 'लांबी गुणिले रुंदी.' हे झालं सूत्र. जागा किती व्यापली, हा मुद्दा त्यात कुठेच नाही. म्हणून पहिल्या दोन तासिका फळ्यावर सूत्र लिहूच नये, नुसतं झाकायला द्यावं.

जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून 5 सेमी बाजूचे चौरस कापा. 1 सेमीचे तुकडे बोटांत धरवत नाहीत, फुंकरीनेही उडतात. कापायचं काम कटर आणि स्टीलची पट्टी घेऊन मोठ्यांनीच करावं, कारण बाजू 2 मिमी जास्त झाली की सहा तुकड्यांच्या ओळीत सव्वा सेमीच्या आसपास फरक पडतो आणि मुलं तुकडे एकमेकांवर चढवून 'बसवतात'.

कागदावर 30 × 20 सेमीचा आयत आखून द्या. 24 तुकडे बसतात. दुसऱ्या दिवशी तोच आयत, पण तुकडे फक्त 9. वरची एक ओळ आणि डावीकडची एक उभी रांग, एवढंच भरतं. कोपऱ्यातला तुकडा दोन्हींत मोजायचा, इथे हमखास अडतं: काही जण 6 आणि 3 धरून 18 सांगतात. बोट फिरवून ओळी मोजायला लावा. 'एका ओळीत 6, अशा ओळी 4' हे मुलाच्या तोंडून आलं की सूत्र सांगायला हरकत नाही.

मग चौकटींची वही आणि चौसेमी, म्हणजे चौरस सेंटीमीटर. वहीतली चौकट बरोबर 1 सेमीची असेलच असं नाही, आधी दहा चौकटी पट्टीने मोजून घ्या. पट्टी 0 पासून लावली आहे का, तेही पाहा.

परिमितीशी गोंधळ होतोच. त्यात 4 सेमी बाजूचा चौरस किंवा 6 × 3 चा आयत पहिलं उदाहरण म्हणून कधीच घेऊ नका, दोन्हींत परिमिती आणि क्षेत्रफळाचा आकडा एकच येतो. त्यापेक्षा 24 सेमीचा दोरा गाठ न मारता टोकं जुळवून द्या. 11 × 1 केला तर 11 चौसेमी, 8 × 4 ला 32, 6 × 6 ला 36. कुंपण तेवढंच, जागा वेगळी.

गावाकडच्या शाळेत शेवटी गुंठा घ्यावाच: 33 × 33 फूट, म्हणजे 1089 चौरस फूट. पटांगणात फक्कीने आखा आणि विचारा, बाजू निम्मी, साडेसोळा फूट केली तर? बहुतेक वर्ग 'अर्धा गुंठा' ओरडतो. मधून दोन रेघा मारा आणि चारही तुकड्यांत पोरं उभी करा.