तुम्ही विचारलंत म्हणून : अमली पदार्थ ओळखणाऱ्या यंत्रांसाठी सरकार लहान कंपन्यांना पैसा का देते?

मी अमेरिकेत मेरीलँडमध्ये राहतो आणि बाजारात नव्याने येणारे अमली पदार्थ जागच्या जागी ओळखणारी उपकरणे विकसित करणाऱ्या एका लहान कंपनीत रसायनशास्त्रज्ञ म्हणून काम करतो. आमचा बराचसा खर्च सरकारी निधीतून चालतो हे कळले की पुण्यातले नातेवाईक आणि इथले स्नेही हमखास विचारतात : एवढ्या मोठमोठ्या कंपन्या असताना मूठभर माणसांच्या कंपनीवर करदात्यांचा पैसा कशासाठी? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर रसायनापासूनच सुरू करावे लागते.

एका बाजूला ‘एम’ आणि दुसऱ्या बाजूला ‘३०’ उमटवलेली, ऑक्सिकोडोन या वेदनाशामकासारखी हुबेहूब दिसणारी निळी बनावट गोळी घ्या. तिचे वजन साधारण १०० मिलिग्रॅम असते, आणि त्यात फेंटॅनिल हे अफूसारखा परिणाम करणारे अतितीव्र कृत्रिम औषध केवळ २ मिलिग्रॅम असले तरी ते जीवघेणे ठरू शकते, असे अमेरिकेची अमली पदार्थविरोधी यंत्रणा डीईए सांगते. म्हणजे घातक भाग जेमतेम २ टक्के. बाकी सगळा भराव आणि रंग. सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या हातातले रामन उपकरण पिशवी न उघडता प्लास्टिकच्या आतल्या पदार्थावर लेसर टाकते आणि विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटावरून त्याची ओळख पटवते. (चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यात लावलेला शोध इथल्या टपाल केंद्रांत रोज कामी येतो, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.) मात्र या गोळीपुढे ते अडखळते, कारण भरावाचा संकेत जोरकस असतो, रंगद्रव्याची चमक त्यात भर घालते आणि २ टक्क्यांचा आवाज त्या गलक्यात विरून जातो. त्यावर उपाय आहे : गोळीचा कण द्रावणात विरघळवून चांदीच्या किंवा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर टाकला की संकेत हजारो पटींनी वाढतो. प्रयोगशाळेत हे जमते. पण कडाक्याच्या थंडीत, हातमोजे घातलेल्या आणि रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसाला ते एका मिनिटात जमावे, यासाठी वर्षानुवर्षे खपावे लागते.

याहून अवघड गोष्ट म्हणजे ओळखायचा पदार्थच सतत बदलत राहतो. यंत्र समोरचा वर्णपट आपल्या लायब्ररीतल्या, म्हणजे साठवून ठेवलेल्या ज्ञात पदार्थांच्या, वर्णपटांशी ताडून पाहते. लायब्ररीत नसलेला पदार्थ आला तर ते ‘अज्ञात’ म्हणते किंवा चुकीचे नाव सांगते. मे २०१९ मध्ये चीनने फेंटॅनिलच्या सगळ्या गोतावळ्यावर नियंत्रण आणले आणि त्याच वर्षी आयसोटोनिटाझिन हा वेगळ्याच, नायटाझिन कुळातला पदार्थ पुढे आला. ही नायटाझिन संयुगे १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीने तयार केली होती, पण औषध म्हणून ती कधीच बाजारात आली नाहीत. फेंटॅनिलसाठी केलेल्या चाचणीपट्ट्यांना ती दिसत नाहीत. मग जनावरांना गुंगी आणणारे झायलाझिन भेसळीत आले. ते अफूसदृश औषधांच्या गटातले नसल्यामुळे फेंटॅनिलवरचा उतारा, नॅलोक्सोन, त्यावर चालत नाही. एप्रिल २०२३ मध्ये व्हाइट हाउसने फेंटॅनिल आणि झायलाझिनच्या या मिश्रणाला उदयोन्मुख धोका जाहीर केले, आणि यंत्रे त्याच्याशी जुळवून घेईपर्यंत २०२४ मध्ये फिलाडेल्फियात झायलाझिनची जागा मेडेटोमिडिन हे जनावरांच्या गुंगीचेच दुसरे औषध घेऊ लागले होते.

अशा यंत्राचे गिऱ्हाईक म्हणजे सीमाशुल्क, पोलीस आणि काही आरोग्यसंस्था, इतकेच. एवढ्याशा बाजारासाठी आणि वर्षभरात शिळ्या होणाऱ्या लक्ष्यासाठी मोठी कंपनी आपले संशोधक गुंतवत नाही, आणि तिच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. ही पोकळी भरण्यासाठी अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने आखलेली, लहान कंपन्यांच्या संशोधनाला निधी देणारी एसबीआयआर योजना उपयोगी पडते. ज्या सरकारी खात्यांचे बाहेरून करून घ्यायच्या संशोधनाचे अंदाजपत्रक १० कोटी डॉलरपेक्षा जास्त आहे, त्यांनी त्यातला ३.२ टक्के भाग ५०० किंवा त्याहून कमी कर्मचारी असलेल्या कंपन्यांसाठी राखून ठेवायचा असतो. पहिल्या टप्प्यात कल्पना चालते का हे काही महिन्यांत दाखवायचे, दुसऱ्यात नमुना यंत्र बनवायचे. सरकार कंपनीत हिस्सा मागत नाही. पहिल्याच टप्प्यात अनेक कल्पना गळतात, आणि तो पैसा वाया गेला असे मी मानत नाही, कारण कोणती वाट बंद आहे हे थोडक्या खर्चात कळलेले असते.

काही जण म्हणतात, रंग बदलणाऱ्या स्वस्त रसायनांच्या पुड्या पोलिसांकडे आहेतच की. त्या पुड्यांचा रंग निरुपद्रवी पदार्थांनीही बदलतो. टेक्सासमधल्या ह्यूस्टन परिसरात गुन्हा कबूल करून बसलेल्या कित्येकांची पुढे प्रयोगशाळेच्या अहवालात अमली पदार्थच न आढळल्याने निर्दोष मुक्तता झाली. चांगले यंत्र निरपराध माणसालाही वाचवते, आणि मला या कामात धरून ठेवणारे हे सर्वांत मोठे कारण आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यातला मेफेड्रोन या अमली पदार्थाचा साठा पकडला गेल्यापासून पुण्याहून येणारे प्रश्न वाढले आहेत. मेफेड्रोनच्या रेणूतला एक मिथाइल गट शेजारच्या जागी सरकवला की ३-एमएमसी हा वेगळा पदार्थ होतो. वस्तुमान अगदी तेच राहत असल्याने त्यावरून फरक कळत नाही, वर्णपट मात्र बदलतो. भारतातही २००५ पासून जैवतंत्रज्ञानासाठी एसबीआयआरआय ही अशाच धाटणीची योजना आहे, त्यामुळे ही कल्पना आपल्याकडे परकी नाही.

माझी तक्रार आहे ती तिसऱ्या टप्प्याबद्दल. त्याला या योजनेतून निधी मिळत नाही. यंत्र विकून कंपनीने आपले आपण उभे राहावे अशी अपेक्षा असते. पण विकलेल्या यंत्राची लायब्ररी दर महिन्याला कोण अद्ययावत करणार? आमच्याजवळच गेथर्सबर्गला राष्ट्रीय मानक संस्थेची, म्हणजे निस्टची, प्रयोगशाळा राज्यांकडून आलेल्या अमली नमुन्यांच्या अंशांमधले पदार्थ दोन दिवसांत ओळखते. तरीही त्या नव्या पदार्थाचा शुद्ध नमुना कायदेशीरपणे बाळगून त्याचा वर्णपट आपल्या यंत्रावर घेण्यासाठी लहान कंपनीला डीईएच्या नोंदणीच्या सोपस्कारांतून जावे लागते. माझ्या हाती असते तर प्रत्येक करारात पाच वर्षांच्या लायब्ररीचा खर्च वेगळा धरला असता आणि निस्टच्या नमुन्यांवर आमच्यासारख्यांची यंत्रे तिथेच नेऊन मोजमाप करण्याची सोय केली असती.