पत्र्याचा डबा

त्या संध्याकाळी मी ताक फुंकून प्यायचं ठरवूनच आलो होतो. महिन्याभरापूर्वी एका बंदिस्त हॉलमधलं रेकॉर्डिंग माझ्या हातून वाया गेलं होतं. सबवूफरच्या, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरच्या, दणक्यात गायिका बुडाली, फाइलमध्ये नुसता फाटका आवाज उरला. आता पुण्यातला खुला रंगमंच होता. फ्यूजनचा कार्यक्रम, बेस गिटार, ड्रम्स, आणि शेवटचा अर्धा तास २० ढोल नि ६ ताशे.

आवाज मिसळायच्या कन्सोलपाशी, मंचापासून साधारण १५ मीटरवर शूअर कंपनीचे एसएम ८१ माइक लावले. मंचाच्या कडेला बोटाच्या पेराएवढे इलेक्ट्रेट माइक, त्यांना वीज पुरवणाऱ्या ९ व्होल्टच्या बॅटरी बॉक्सवर. खर्ज कापायला एसएम ८१ला माइकवरच तीन पर्याय असतात: सपाट, १०० हर्ट्झच्या खाली ऑक्टेव्हमागे ६ डीबीचा उतार, किंवा ८०च्या खाली १८ डीबीचा. मी शेवटचा निवडला. बॅटरी बॉक्सचा रोल-ऑफ, म्हणजे खर्ज कापणारा फिल्टर, १६० हर्ट्झवर नेला. भीती, दुसरं काय!

साउंड चेक झकास झाला. बेस गिटार भरदार, गाणं स्वच्छ. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

साडेपाचला पथक आलं. पार्किंगमध्ये ढोलांचे दोर ताणणं सुरू झालं आणि मग एक हात, म्हणजे एक ठेका, वाजवून पाहिला त्यांनी. मी छोटे माइक तिथं नेऊन मिनिटभर रेकॉर्ड केलं. हेडफोनमध्येही ढोल दणदणीत. पथकप्रमुखांना उत्सुकता होती, म्हणाले, ऐकवा की. गोंगाट नको म्हणून आम्ही माझ्या गाडीत बसलो, काचा वर केल्या.

ताशाची तर्री, ती सलग तडतड, अशी काही खणखणीत आली, की मी हसून त्यांच्याकडे बघितलं. ते हसले नाहीत.

"दादा, ढोल कुठंय? हा तर पत्र्याचा डबा वाजतोय."

खरंच डबा होता. टिपरूचा, म्हणजे ढोलावरच्या काडीचा, 'टक्' ऐकू येत होता, घुमारा गायब. मघाशी हेडफोनमध्ये मी जो ढोल ऐकला तो माइकमधून आलेलाच नव्हता. तो छातीतून, तळपायातून येत होता. वाजणाऱ्या ढोलाशेजारी उभं राहून हेडफोनवर खर्ज जोखायचा नसतो, हे मला माहीत होतं. नव्या मुलांना मीच सांगतो ते.

पण साउंड चेकला बेस गिटार का फसवून गेली? तिच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झ. रोल-ऑफनं तो पार दबला होता. पण त्याचे वरचे स्वर ८२, १२३ असे नेमक्या पटीत येतात, आणि त्यावरून कान हरवलेला खर्ज स्वतःच भरून काढतो. ढोलाच्या पानाचे, म्हणजे ताणलेल्या पडद्याचे, वरचे स्वर असे पटीत नसतात. तिथं कानाला काही धागाच मिळत नाही. ठोका त्या दिवशी मला ७० हर्ट्झच्या आसपास दिसला; १६०च्या सौम्य फिल्टरनंही तिथं जवळजवळ ८ डीबी जातात.

आणि मुळात हॉलमधलं दुखणं वेगळंच होतं. तिथं हेच छोटे माइक मी थेट रेकॉर्डरच्या प्लग-इन पॉवरवर चालवले होते, म्हणजे जेमतेम दोन-तीन व्होल्ट. माइकमधली आवाज पकडणारी कॅप्सूलच गुदमरली होती. फिल्टर तिच्या नंतर येतो. तो तिला काय वाचवणार? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

सात वाजायला आले होते. बॅटरी बॉक्सचा रोल-ऑफ काढला, माइक कडेवरून मागे, तिसऱ्या रांगेपाशी नेले, गेन भरपूर उतरवला. २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये पातळी कमी राहिली तर काही बिघडत नाही. मी शिखरं वजा १२ डीबीच्या आसपास धरली; शून्याला आवाज फाटतो. एसएम ८१वर पातळी उतरवणारा १० डीबीचा पॅड चढवला. रोल-ऑफ मात्र तिथं पूर्ण काढला नाही, १०० हर्ट्झचा सौम्य उतार ठेवला, कारण कन्सोलपाशी सबवूफरची गुरगुर साचत होती आणि वाराही होता. सगळंच सपाट ठेवणारे शूर लोक आहेत, मी त्यांतला नाही.

पथक मंचावर आलं तेव्हा माझी नजर फक्त मीटरवर होती. पहिल्या ठोक्याला वजा ७. नंतर दोन वादक जोशात खाली उतरून थेट तिसऱ्या रांगेसमोर आले आणि डावा छोटा माइक काही सेकंद फाटलाच. तेवढा तुकडा नंतर एसएम ८१नं झाकला. पावणेदहाला शेवटचा हात झाला; दहाला स्पीकर बंद करायचेच होते.

दुसऱ्या दिवशी घरी दोन्ही जोड्या जुळवल्या. ढोल होता, जागच्या जागी, पोटात जाणवणारा. कापायला लागलं फक्त ३५ हर्ट्झच्या खालचं. तिथं संगीत नव्हतंच. मंचामागच्या डिझेल जनरेटरची २५ हर्ट्झची धडधड होती, तीन तास अखंड, आणि एका ठायलयीत.