टिटवी, पत्ते आणि किबिट्झर

रात्री मेडिकलचं शटर ओढलं की घरी जेवून मी तासभर ऑनलाइन बुद्धिबळात घालवतो. फ्री इंटरनेट चेस सर्व्हर म्हणून एक जुनी जागा आहे, १९९५ पासून चालू असलेली. दिसायला एकदम जुनाट, चाली टाइप करून खेळणारे जुने लोक अजून तिथे भेटतात. तिथे दुसऱ्यांचे डाव बघत बसता येतं आणि बघता बघता तोंड उघडायचं असेल तर दोन आज्ञा आहेत. 'व्हिस्पर' लिहून बोललात तर ते बाकीच्या प्रेक्षकांनाच दिसतं. 'किबिट्झ' लिहून बोललात तर खेळणाऱ्या दोघांनाही. म्हणजे पहिली कुजबुज झाली. दुसरीला काय म्हणायचं?

शब्द यिडिश या युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतून इंग्रजीत आलेला आहे. दुसऱ्यांचा खेळ चालू असताना पाठीमागे उभं राहून बघायचं आणि कोणी न विचारता सल्ला द्यायचा, याला 'किबिट्झ' करणं म्हणतात. असं करणारा तो 'किबिट्झर'. आपल्याकडे लुडबुड्या आहे, आगाऊ आहे, चोंबडा आहे, दीडशहाणा आहे. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारेही आहेत. पण पत्त्यांच्या डावामागे उकिडवं बसून जीव टांगणीला लावणाऱ्या या खास प्राण्याला वेगळं नाव नाही. त्याची पैदास मात्र आपल्याकडे भरपूर.

आता या शब्दाचं मूळ. जर्मनमध्ये 'कीबिट्स' म्हणजे टिटवी! आपली नव्हे, तिची युरोपातली चुलत बहीण, डोक्यावर शेंडी असलेली. ती ओरडते तसंच तिचं नाव पडलं. इंग्रज तिलाच 'पीविट' म्हणतात. आपण टिटवी म्हणतो, संस्कृतात टिट्टिभ. सगळ्यांनी कान लावून ऐकलं आणि आपापल्या लिपीत उतरवलं, एवढंच. जर्मन माणूस स्काट नावाचा पत्त्यांचा खेळ खेळतो. त्या टेबलाशी उभ्या राहून डोकावणाऱ्यालाही तो कीबिट्सच म्हणतो, आणि त्याच घराण्यातला शब्द यिडिशमध्येही आहे.

तापीकाठच्या शेतात ज्यानं एकदा तरी रात्री पाणी भरलंय, त्याला हे नाव का पडलं असेल हे समजावून सांगावं लागणार नाही. लाईट रात्री एकला येते, तुम्ही बॅटरी घेऊन केळीच्या बागेकडे निघता, आणि बांधापाशी पोचायच्या आत ती उठलेलीच असते. टिटीव् टिव्, टिटीव् टिव्! डोक्यावर घिरट्या घालत सगळ्या शिवाराला बातमी देणार की अमुक माणूस आला, अमुक बाजूनं आला. डोळ्यापुढे लाल कातडीचा झुबका, लांब पिवळे पाय, आणि आवाज असा की झोपलेलं कुत्रंही उठून भुंकायला लागावं. शिकारी लोकांचा तिच्यावर जुना राग आहे, कारण हरणाच्या जवळ पोचायच्या आत ही बोंब मारून डाव उधळते. तिचं काय घेणंदेणं? तर असतं. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये तिची मातीच्या रंगाची ठिपकेदार अंडी असतात, बहुतेक वेळा चार. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा ती पाण्यात पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. तिनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस चांगला, खोलगट जागी घातली तर ओढ देणार, हे आमच्याकडचे म्हातारे आजही सांगतात. हवामान खात्याच्या अंदाजाइतकीच त्याची चर्चा होते. पंचतंत्रातली टिटवी तर आभाळ पडू नये म्हणून पाय वर करून झोपते. सगळ्या जगाची काळजी हिलाच.

काही अभ्यासक मात्र 'किबिट्झ'चं मूळ दुसरीकडे शोधतात. 'रोटवेल्श' म्हणजे जर्मनीतल्या चोर-भामट्यांची आणि भटक्यांची गुप्त बोली. तिच्यात 'कीबिट्शन' असा शब्द होता, अर्थ तपासणं, झडती घेणं. त्यावरून डोकावणं आलं आणि पक्ष्याचं नाव सारखंच वाजतं म्हणून मागाहून चिकटलं, असं त्यांचं म्हणणं. असेलही. मला ते पटतंसुद्धा. पण माझं मत टिटवीला.

यिडिश ही भाषा पूर्व युरोपातल्या ज्यूंची. 'ज्यू' म्हटलं की मराठी माणसाला आधी अलिबाग-पेणकडचे शनवार तेली, म्हणजे बेने इस्रायल आठवतात. त्यांची घरची भाषा मराठी, यिडिशशी त्यांचा संबंध नाही. यिडिशचा सांगाडा जर्मन, त्यात हिब्रूचा आणि पोलिश-रशियनसारख्या स्लाव भाषांचा भरणा, आणि लिपी हिब्रू, उजवीकडून डावीकडे. गंमत म्हणजे ती बोलणारेच तिला कित्येक वर्षं 'झार्गॉन' म्हणायचे. खरी भाषा हिब्रू, ही आपली घरात-बाजारात बोलायची. अहिराणीच्या घरात वाढलेल्याला हे फार ओळखीचं वाटतं. पाहुणे आले की आमच्या घरातही सगळे एकदम 'शुद्ध' बोलायला लागायचे आणि पाहुण्यांची पाठ वळली की 'काय करस रे भो' सुरू.

१८८० च्या दशकापासून १९२४ मध्ये अमेरिकेनं कायदा करून दार जवळजवळ बंद करेपर्यंत वीस लाखांहून जास्त ज्यू पूर्व युरोपातून तिकडे गेले. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये दाटीवाटीनं राहिले, कपड्यांच्या कारखान्यांत राबले आणि फावल्या वेळात पत्ते कुटले. किबिट्झर त्यांच्याबरोबरच बोटीतून उतरला असणार. इंग्रजीत हा शब्द रुळला तो १९२० च्या दशकात. १९२९ साली ब्रॉडवेवर चक्क 'किबिट्झर' नावाचं नाटक आलं. त्यात मुख्य काम करणारा आणि लिहिण्यातही हात असलेला नट म्हणजे एडवर्ड जी. रॉबिन्सन, जो पुढे सिनेमात गुंडांच्या भूमिका करून गाजला. तो जन्मला रुमानियात, बुखारेस्टमध्ये, आणि वाढला यिडिश बोलणाऱ्या घरात. पुढे नाझींनी साठ लाख ज्यू मारले. त्यांतले बहुतेक यिडिश बोलणारे होते. ज्या गावांत ही भाषा वाढली तिथली माणसंच संपली, आणि तिचे काही शब्द अमेरिकन इंग्रजीत घर करून राहिले, त्यांतला हा एक.

माझ्या ओळखीचा सगळ्यात मोठा किबिट्झर आमच्या मामाच्या गावचा. त्यांना सगळे तात्या म्हणत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात. पुरुष मंडळी पत्त्यांना बसतात. एरवी जो माणूस पानाला हात लावत नाही तोही आखाजीला मांडी घालतो. पैसे लावून खेळणारे वेगळ्या कोपऱ्यात. आमच्या बाजूला मेंढीकोट चालायचं, चौघं, समोरासमोरचे भिडू. दश्शी म्हणजे मेंढी, चारही मेंढ्या एका बाजूनं ओढल्या की कोट. बंद हुकूम असला तर एकानं आपल्या हातातलं एक पान उपडं करून मांडीखाली दाबायचं. कोणाकडे चालू रंगाचं पान नसलं की तो हुकूम उघडायला सांगणार. तोवर ते पान त्या एकालाच ठाऊक, आणि त्याच्या पाठीमागे बसलेल्या तात्यांना.

तात्या स्वतः कधीच खेळले नाहीत. एक शब्दही बोलायचे नाहीत. डाव्या तळव्यावर तंबाखू-चुना घेऊन उजव्या अंगठ्यानं मळत बसायचे, एका लयीत. पुढच्यानं चुकीच्या पानाला हात घातला की अंगठा थांबायचा. बस, एवढंच. हात दुसऱ्या पानावर गेला की मळणं पुन्हा सुरू. महिनाभरात सगळ्या गावाला हे कळलं आणि खेळणारे आपली पानं सोडून तात्यांचा अंगठा बघायला लागले. एकदा कोट बसल्यावर समोरचा भडकला, "तात्या, तुमले कोनी इचारं?" तात्या एकदम शांत. "मी काही बोलनू का?" आणि खरंच, ते काही बोलले नव्हतेच. बुद्धिबळाच्या नियमांत प्रेक्षकांनी बोलू नये आणि डावात कुठलीही ढवळाढवळ करू नये असं स्पष्ट लिहिलंय. ढवळाढवळीत अंगठा धरावा की नाही, हे पंचानं ठरवावं.

तरी माझं प्रामाणिक मत असं की तात्यांशिवाय तो डाव कोणी खेळलाच नसता. ते मळ्यात गेले असले तर दोन डावांत मंडळी पांगायची. हरणाऱ्याला हरण्याचं कारण लागतं, आणि जिंकणाऱ्याला कोणीतरी बघितल्याचा पुरावा. ऑनलाइनवर आता मोठ्या स्पर्धांत प्रेक्षकांचं बोलणं बऱ्याचदा खेळणाऱ्यांपर्यंत पोचू देत नाहीत, कारण उघड आहे, शेजारच्या खिडकीत संगणकच उत्तर देतो. बरोबरच आहे ते. पण मजा गेली.

अमेरिकेत या शब्दाचा दुसरा अर्थही चालतो. खेळ नसला तरी चालेल, नुसतं येऊन टेकायचं, थट्टामस्करी करायची, इकडचं-तिकडचं बोलायचं, तेही 'किबिट्झ'. दोन्ही अर्थ एकाच माणसात पाहायचे असतील तर संध्याकाळी सात ते आठ माझ्या काउंटरवर या. एक बाई डॉक्टरची चिठ्ठी पुढे करते. तिच्या मागचा माणूस, जो फक्त सुटे पैसे मागायला आलेला असतो, मान लांब करून चिठ्ठी वाचतो. "ताई, ह्या गोळीनं काही फरक नाही पडत. माझ्या मेहुण्याला दिली होती." ताई माझ्याकडे बघतात. मी डॉक्टरनं लिहिलेलंच देतो आणि गोळ्यांच्या पाकिटावर सकाळ-संध्याकाळच्या रेघा मारतो. तो गडी पुढचा अर्धा तास तिथेच उभा राहून केळीच्या भावावर बोलतो. सुटे पैसे न घेताच जातो.