कोल्हापूरची असून 'मृत्युंजय' का आवडत नाही?

"तुम्ही मराठीच्या बाई, त्यात कोल्हापूरच्या, आणि तुम्हाला 'मृत्युंजय' आवडत नाही?" हे मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, पालकसभा संपल्यावर विचारतात, बँकेच्या रांगेतसुद्धा विचारतात. उत्तरासाठी फारसं कुणी थांबत नाही. "मग तुम्ही नीट वाचलीच नसेल" असं म्हणून मोकळे होतात. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

वाचली आहे. अकरावीत वाचली, नोकरीला लागल्यावर वाचली, वर्गात उतारे घ्यायचे म्हणून पुन्हा पुन्हा वाचली. शिवाजी सावंत आपल्या आजऱ्याचे, कोल्हापुरात शाळेवर शिक्षक होते आणि 1967 साली त्यांची ही कादंबरी आली, हे मला सांगायची गरज नाही. 'राधेय' लिहिणारे रणजित देसाई कोवाडचे, हेही माहीत आहे. कर्णावरच्या मराठीतल्या दोन्ही गाजलेल्या कादंबऱ्या आपल्याच जिल्ह्यातल्या माणसांनी लिहिल्या. त्यामुळे कर्ण इथं घरातलाच झालाय, आणि त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढला की घरातल्या माणसाला बोलल्यासारखं लागतं. ते लागणं मी समजू शकते. पण म्हणून मी गप्प बसावं, हे मला पटत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. या कादंबरीत सहा जण बोलतात. कर्ण, त्याचा धाकटा भाऊ शोण, त्याची बायको वृषाली, कुंती, दुर्योधन आणि श्रीकृष्ण. दुर्योधनालासुद्धा स्वतःची बाजू मांडायला पानंच्या पानं मिळाली आहेत. द्रौपदी मात्र बोलत नाही. भरसभेत जिला ओढत आणलं, तिच्या तोंडून तो दिवस आपल्याला ऐकायलाच मिळत नाही. कादंबरी मिटल्यावर वाचणाऱ्याजवळ काय उरतं ते तुम्हीच आठवून बघा. कवचकुंडलं काढून देणारे हात, कुंतीचं नदीवर येणं, रुतलेलं चाक. सभा उरत नाही.

आणि सभेत काय झालं ते व्यासांनी आडपडदा न ठेवता सांगितलंय. कौरवांतला एकटा विकर्ण उठून उभा राहिला आणि द्रौपदी जिंकली गेलेली नाही म्हणाला. त्याला खाली बसवलं कर्णानं. हा पोरगा आहे, याला काही कळत नाही म्हणाला. पाच नवऱ्यांची बायको म्हणजे कुलटाच, तिला एकवस्त्रा आणली काय किंवा विवस्त्र आणली काय, त्यात नवल नाही, असंही म्हणाला. आणि पांडवांची न् द्रौपदीची वस्त्रं उतरव, असं दुःशासनाला सांगितलं तेही त्यानंच. हे सभापर्वात आहे. मी घरी बसून रचलेलं नाही.

इथवर आलं की समोरचा लगेच म्हणतो, "पण आधी तिनं त्याला स्वयंवरात सूतपुत्र म्हणून हिणवलं होतं की!" हे वाक्य मालिकांनी आपल्याला पाठ करून दिलंय. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. ते काम 1966 साली पुरं झालं. तिच्या मूळ पाठात द्रौपदीचं ते वाक्य नाही, नंतरची भर म्हणून ते तळटीपेत गेलंय. आणि समजा म्हणाली असती, तरी नवरा निवडताना नाही म्हटलं म्हणून भरसभेत लुगडं फेडायला सांगायचं?

माझा आवाज इथं चढतो. का चढतो तेही सांगते.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. विषय होता 'महाभारतातील माझी आवडती व्यक्तिरेखा'. सभागृह भरलेलं, पंख्यांचा आवाज, पुढच्या रांगेत गावातली प्रतिष्ठित मंडळी. कर्णावर बोलणारे स्पर्धक रांगेनं येत होते. त्यातला एक मुलगा खरंच चांगला होता. रथाचं चाक उपसायच्या आवेशात तो गुडघ्यावर बसला तेव्हा सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मीही त्याला भरपूर गुण दिले.

त्याच्या पाठोपाठ नववीतली एक मुलगी आली. ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनांनी टाचलेली, हात पाठीमागं बांधलेले. हातवारे नाहीत, आवाज बारीक पण स्वच्छ. ती द्रौपदी होऊन बोलायला लागली. सभेत कोण कोण बसलंय ते तिनं एकेक नाव घेऊन सांगितलं आणि प्रत्येक नावानंतर थांबली. भीष्म. द्रोण. धृतराष्ट्र. विदुर. मग म्हणाली, "आणि कर्णा, तू. कूळ विचारलं की कसं वाटतं हे या सभेत फक्त तुला माहीत होतं. मला वाटलं, उठलास तर तू उठशील."

माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं मला जे नीट मांडता येत नव्हतं, ते ही पोरगी सरळ बोलून गेली होती.

पुढं तिनं त्याचे शब्द जसेच्या तसे सांगायला सुरुवात केली, तशी मागच्या बाकांवरून हुर्यो झाली. पुढच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उठून उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "ए पोरी, कर्णाबद्दल असलं काय बोलायचं न्हाई." मुलगी थांबली. त्यांच्याकडं बघून म्हणाली, "आजोबा, हे महाभारतात आहे." कुणीतरी हसलं. ती पुढचं वाक्य शोधत राहिली, ते काही सापडलं नाही. चार मिनिटांची घंटा झाली, मग पाचाची. नमस्कार करून ती खाली उतरली.

गुण जुळवायला आम्ही तिघं परीक्षक आतल्या खोलीत बसलो. चहा आला, खारी आली. माझ्या गुणपत्रकात ती पहिली होती. दुसऱ्या दोघांनी 'विषय मांडणी'च्या रकान्यात तिला सगळ्यांत कमी गुण दिले होते. का, तर म्हणे आधार नाही, वाद ओढवून घेतला, आणि शेवट झाला नाही. सभापर्वात आहे म्हटलं. त्यावर त्यांच्यातले एक मराठीचेच शिक्षक म्हणाले, "असेल हो मॅडम. पण मुलांसमोर कुठला कर्ण ठेवायचा?" बेरजेत ती उत्तेजनार्थमध्येसुद्धा आली नाही. तीन परीक्षकांची बेरीज म्हणजे निकाल, हा नियम होता. मी सही केली. भांडले, हरले आणि सही केली. ती सही करायला नको होती असं काही जण मला आजही ऐकवतात. मला तसं वाटत नाही. नियम मला आधीपासून माहीत होता.

बाहेर ती मुलगी चपला घालत होती. मी तिला छान बोललीस म्हटलं. तर म्हणाली, "नाही मॅडम, पुढचं आठवलं नाही ना. माझंच चुकलं." भरल्या सभागृहात एका मोठ्या माणसानं उठून तिला दटावलं, पोरं हसली, आणि चूक तिच्या पाठांतराची? मी तिला तसं बोलून दाखवलं. तिनं नुसती मान हलवली. तिच्या बाई हाका मारत होत्या, गाडी निघायची होती.

या प्रसंगाचा दोष कादंबरीवर टाकणं बरोबर आहे का, असं माझी मीच स्वतःला विचारते. सावंतांनी त्या गृहस्थांना उठून उभं राहायला सांगितलं नव्हतं. पुढं 2000 साली आलेल्या 'युगंधर'मध्ये त्यांनी द्रौपदीला बोलूही दिलं. हे मान्य करायलाच हवं. पण 'मृत्युंजय' वाचून मोठे झालेल्यांपैकी किती जण 'युगंधर'मधल्या द्रौपदीपर्यंत पोचले?

अकरावीतली मी मात्र अजून माझ्याशी वाद घालते. शिवाजी पेठेतल्या घराच्या माळवदावर, ग्रंथालयातून आणलेली शिवण उसवलेली प्रत घेऊन ती रात्र रात्र वाचत बसायची. ती म्हणते, तू रडली होतीस, ते खोटं होतं का? नव्हतं. थोरल्या भावाच्या मागं धावणारा शोण आठवला की आजही गळा दाटतो. मराठी इतकी डौलात चालू शकते, हे मला त्याच पानांनी दाखवलं. आज ती विशेषणं मला जड वाटतात, सूर्याची वर्णनं लांबलेली वाटतात. पण मराठी शिकवायचं मी ठरवलं ते ही कादंबरी वाचून, हे कसं नाकारू?

आणि व्यासांचा कर्ण मला याहून मोठा वाटतो, हे मी त्या मुलीला सांगू पाहते. युद्धाआधी कृष्ण त्याला त्याचा जन्म सांगतो, तेव्हा तो म्हणतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना कटू बोललो, त्याचा मला आज पस्तावा होतोय. हे उद्योगपर्वात आहे. कर्णाचे भक्त हा पस्तावा सांगत नाहीत, कारण पस्तावा सांगायचा तर आधी गुन्हा सांगावा लागतो. अर्थात मला त्यातही खटकतंच. पांडवांना, म्हणाला. द्रौपदीचं नाव त्यानं तिथंही घेतलं नाही.

हे सगळं मी वर्गात सांगते. एकदा सांगून झाल्यावर शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. आडनाव विचारलं की त्याला काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते मला माहीत होतं. म्हणाला, "मॅडम, द्रौपदीच्या बाजूनं बोलायला देव आला. आमच्यासारख्याच्या बाजूनं बोलणारं हे एकच पुस्तक मला घावलंय. तेवढं तरी ऱ्हाऊ द्या की."

मी म्हटलं, पुस्तक तुझंच आहे रे, ते कोण काढून घेतंय? पण ज्याला जन्मावरून हिणवलं, त्यानंच एका बाईला भरसभेत तसंच हिणवलं, याचं काय करायचं? तो म्हणाला, "अपमान झाला की माणूस कुणावर तरी काढतोच." मी म्हटलं, हो, आणि आपल्यापेक्षा कोण खाली आहे ते बघून काढतो. त्यावर तो म्हणाला, "द्रौपदी त्याच्या खाली होती व्हय, मॅडम? ती तर राजाची पोरगी."

तास संपल्याची घंटा झाली होती. पण घंटेचं कारण सांगत नाही, त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हतं. नंतर सुचलेली उत्तरं त्याला ऐकवली. राजाची पोरगी असली तरी त्या घटकेला ती सभेतली सगळ्यांत निराधार बाई होती, असं सांगून बघितलं. त्यानं ऐकून घेतलं. पटलं म्हणाला नाही. तो आता शिकून नोकरीला लागलाय, भेटला की आम्ही तिथूनच पुढं सुरू करतो.