टार हील्सचा सीझन संपला एकदाचा

आज १२ मार्च २०२३, सिलेक्शन संडे, म्हणजे अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय टूर्नामेंटच्या टीम्स जाहीर होण्याचा दिवस, आणि ६८ टीम्समध्ये आपली नॉर्थ कॅरोलायना (म्हणजेच टार हील्स) नाही! गुरुवारी व्हर्जिनियाकडून ६८-५९ हरलो तेव्हाच कळलं होतं म्हणा, तरी आमची कॅरी गावातली (नॉर्थ कॅरोलायना) गँग पोह्यांच्या प्लेटा घेऊन टीव्हीसमोर बसलीच, एक जण तर शेवटच्या ब्रॅकेटपर्यंत (सामन्यांच्या तक्त्यापर्यंत) "येईल रे, येईल" करत होता. अरे सीझन सुरू होताना रँकिंगमध्ये नंबर वन होतो आपण, मागच्या एप्रिलमध्ये कट्टर प्रतिस्पर्धी ड्यूकला ८१-७७ हरवून फायनलला गेलेली टीम, पाचातले चार स्टार्टर परत आलेले, आणि १९८५ ला टूर्नामेंट ६४ टीम्सची झाल्यापासून प्रीसीझन नंबर वन असून टूर्नामेंटबाहेर राहिलेले पहिले आम्हीच. थँक्सगिव्हिंगच्या वेळी लागोपाठ चार हरले, त्यात अलाबामाशी चार ओव्हरटाइम खेळून १०३-१०१, तिथेच दम गेला असं मला वाटतं. लांबून मारायचे थ्री पॉइंटर पडेनात, मग आमचा सेंटर बकॉट, त्याला बास्केटजवळ आत दोघं दोघं चिकटणारच ना! मागच्या सीझननंतर गेलेल्या मॅनेकची जागा पीट नान्स भरेल वाटलं होतं, तेही जमलं नाही. कोच ह्युबर्ट डेव्हिसला हाकला म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही, पण बेंचवरचे राखीव खेळाडू जरा वापरले असते तर काय बिघडलं असतं? आणि एनआयटीला (मुख्य टूर्नामेंटबाहेर राहिलेल्यांची दुसरी स्पर्धा) नकार कशाला द्यायचा? खेळायचं की राव. उद्या ऑफिसात ड्यूकवाले आहेतच, मी लंच डेस्कवरच करणार.