वारेनला घोडे कुठे होते?

फ्रान्सचा राजा सोळावा लुई याचं पलायन कशाने फसलं, याचं उत्तर बहुतेकांच्या तोंडी तयार असतं: द्रुए नावाच्या एका डाकचौकीवाल्याने नोटेवरच्या चित्रावरून राजाला ओळखलं. ओळखलं हे खरंच. पण २१ जून १७९१ चं वेळापत्रक समोर मांडलं, तर द्रुएने घोड्यावर खोगीर चढवण्याआधीच बेत निम्म्याहून जास्त बुडालेला दिसतो.

ऑक्टोबर १७८९ मध्ये जमावाने राजाला व्हर्सायहून पॅरिसला आणलं. तेव्हापासून सगळं कुटुंब तुइलरी राजवाड्यात, जवळपास नजरकैदेतच. १८ एप्रिल १७९१ ला ईस्टरसाठी पॅरिसजवळच्या सां-क्लूला निघालेली गाडी लोकांनी दारातच अडवली आणि राजाची उरलीसुरली चालढकल संपली. जायचं ठरलं मोंमेदीला. ईशान्य सरहद्दीजवळचा हा किल्ला, आणि त्या भागातली फौज जनरल बुइयेच्या हाताखाली. राजा पकडला गेला ते वाटेतलं वारेन गाव पॅरिसपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नागपूरहून निघून जबलपूरच्या थोडं अलीकडे. तिथून मोंमेदी नागपूर ते रामटेक एवढंच.

बुइयेचं म्हणणं होतं की दोन हलक्या गाड्या घ्या आणि वाट माहीत असलेला एक अनुभवी अधिकारी आत बसवा. कुटुंबाला वेगळं व्हायचं नव्हतं. शिवाय राजपुत्रांना क्षणभरही सोडायचं नाही हा आपला मान आहे, असं मुलांच्या पालक मादाम द तूर्झेल यांनी ठासून सांगितलं. झालं, अधिकाऱ्याची जागा त्यांना गेली. मग राणीचा विश्वासू स्वीडिश सरदार फेर्सन याने मुद्दाम बांधून घेतलेली एकच थोरली बग्गी निघाली. हिरवी पेटी, पिवळी चाकं, सहा घोडे, आत शिदोरीचा कप्पा आणि शौचाची भांडीसुद्धा. पासपोर्ट रशियन बारोनेस कोर्फच्या नावाचा. तूर्झेल झाल्या बारोनेस, राणी झाली मुलांची शिक्षिका, राजा झाला द्यूरां नावाचा कारभारी आणि सहा वर्षांच्या युवराजाला घातला मुलीचा झगा. दोन दासींची वेगळी गाडी, शिवाय हुजुऱ्यांच्या पिवळ्या पोशाखातले तीन अंगरक्षक.

एवढा लवाजमा म्हणजे प्रत्येक चौकीवर दहा-अकरा ताजे घोडे. सोडा, जुंपा, पैसे चुकते करा, गाडीवान बदला. बघ्यांना तेवढा वेळ पुरतो. खरं तर गाडीच्या वेगाला फार नावं ठेवण्यात अर्थ नाही. तासाला बारा किलोमीटर पडले, आणि त्या काळाच्या मानाने ते वाईट नव्हते. घोळ होता तो निघण्याच्या वेळेचा.

बेत मुळात एक दिवस आधीचा होता. पाळीवरची एक दासी क्रांतीच्या बाजूची असल्याचा संशय आला, म्हणून तो २० च्या रात्रीवर ढकलला. त्या रात्री झोपण्याआधीच्या दरबारी रिवाजात राष्ट्रीय रक्षकदलाचा सेनापती लाफायेत बोलत बसला आणि राजाला उशीर झाला. राणी बाहेर पडल्यावर गल्लीबोळांत वाट चुकली. वेशीबाहेर थोरली बग्गी अंधारात शोधावी लागली. पॅरिस सुटेपर्यंत दोन वाजून गेले होते. दुपारी शेंत्रीजवळ घोडे पडले, साज तुटला आणि तो सांधण्यात आणखी वेळ गेला.

आता पुढची साखळी बघा. शालोंच्या पुढे, पों-द-सोम-व्हेलच्या चौकीवर ड्यूक श्वाझल चाळीस हुसार घोडेस्वार घेऊन उभा होता. पुढे सांत-मनू, क्लेरमों, वारेन अशा तुकड्या. सांगायचं निमित्त एकच: फौजेच्या पगाराचा खजिना येतोय. पण क्रांतीच्या दिवसांत खेड्यात विनाकारण घोडेस्वार थांबले की गाव गप्प बसत नाही. जवळच्या शेतकऱ्यांना वाटलं, हे थकलेला खंड वसूल करायला आलेत. लोक जमू लागले. बग्गी दुपारी अडीच-तीनच्या सुमारास अपेक्षित होती. साडेपाचच्या आसपास श्वाझलने तळ हलवला. त्याने मोठा रस्ता सोडला, रानातली वाट धरली आणि अंधारात चुकला. बग्गी चौकीवर आली ती त्यानंतर तासाभराच्या आत!

याहून मोठा घात त्याच्या निरोपाने केला. राणीचा केशभूषाकार लेओनार याच्याहाती त्याने पुढच्या तुकड्यांना कळवलं की खजिना आज येत नाहीसं दिसतं. निरोप पोचेल तिथे खोगिरं उतरली. फौज नेमकी गाडी येण्याआधी सैल झाली, पण तिच्यामुळे उठलेला संशय काही ओसरला नाही. माझ्या मते फौज ठेवलीच नसती तर ही माणसं कदाचित निसटली असती.

सांत-मनूला रात्री आठच्या सुमारास द्रुएने बग्गीत डोकावून पाहिलं. तरीही गाडी सुटली. त्यानंतर गावात गलबला झाला, नगरसभेने द्रुए आणि गियोम या दोघांना मागे पाठवलं. ते क्लेरमोंकडे निघाले तेव्हा द्रुएचेच गाडीवान परतत होते. ‘वारेनच्या रस्त्याने’ असा हुकूम त्यांनी ऐकला होता. तो शब्द कानावर पडला नसता तर दोघे सरळ व्हेर्दांकडे गेले असते.

वारेनला डाकचौकीच नाही. म्हणून तिथे बुइयेच्या माणसांनी घोडे ठेवायचे होते. ठेवले होतेही, पण नदीपलीकडच्या ग्रां मोनार्क खाणावळीत. राजाची समजूत अशी की गावात शिरतानाच मिळतील. रात्री अकराला गाव निजलेलं, राजाची माणसं दारं ठोठावत घोडे शोधताहेत, गाडीवान पुढे जायला राजी नाहीत. अर्धा तास असा गेला. तेवढ्यात द्रुए बाजूने पुढे गेला, सामानाने भरलेली गाडी लावून त्याने पूल बंद केला आणि सोस नावाच्या वाण्याला उठवलं. सोस गावचा अधिकारीही होता. पासपोर्ट त्याला बिनचूक वाटला. द्रुए हटला नाही. शेवटी पूर्वी व्हर्सायला राहिलेल्या एका न्यायाधीशाने राजाला ओळखलं.

श्वाझलचे हुसार रात्री पोचले. बळाने बाहेर काढू म्हणाले. कुटुंब सोबत, गोळी चालेल, म्हणून राजा नको म्हणाला. सकाळी पॅरिसहून राष्ट्रीय सभेचा, म्हणजे लोकप्रतिनिधींच्या सभेचा, हुकूम आला आणि साडेसातच्या सुमारास बग्गी उलटी वळली. बुइये फौज घेऊन आला तो त्यानंतर.

त्याच रात्री राजाचा धाकटा भाऊ, प्रोव्हान्सचा काउंट, दुसऱ्या वाटेने निघाला होता. हलकी गाडी, एक सोबती, इंग्रज प्रवाशाचं सोंग, वाटेत कुठेही फौज नाही. सुखरूप सरहद्दीपार गेला. पुढे तोच अठरावा लुई.

नागपूरकरांना याहून जवळचा दाखला आहे. सीताबर्डीच्या लढाईनंतर अप्पासाहेब भोसल्यांना इंग्रज अलाहाबादकडे नेत होते. मे १८१८ मध्ये जबलपूरजवळच्या मुक्कामातून ते शिपायाच्या वेषात निघाले आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले. पहाऱ्यातलेच काही शिपाई फितवलेले होते. कोणालाही ठराविक वेळी ठराविक चौकीवर हजर राहायचं नव्हतं. इंग्रजांना ते पुन्हा सापडले नाहीत. १८४० मध्ये जोधपूरला वारले.

लुईला उशीर महाग पडलाच, पण निघताना ठेवलेलं पत्र त्याहून महाग. राजाला कोणीतरी पळवून नेलं, अशी सारवासारव सभेने केली खरी, पण क्रांतीवरच्या तक्रारींचं त्याच्याच अक्षरातलं जाहीरपत्र तुइलरीत सापडलं होतं. २१ जानेवारी १७९३ ला त्याचा शिरच्छेद झाला; मृत्युदंडाच्या बाजूने मत देणाऱ्यांत द्रुएही होता. त्याच वर्षी द्रुए ऑस्ट्रियाच्या कैदेत पडला. तिथून पळताना उंचावरून उडी घेतली आणि पाय मोडून बसला. १७९५ च्या डिसेंबरात फ्रान्सने त्याला आणि आणखी काही कैद्यांना सोडवून घेतलं, आणि बदल्यात दिली राजाची मुलगी मारी-तेरेझ, जी त्या रात्री बग्गीत बसलेली होती.